न चाखलेली आमटी

एप्रिल लागला की हडपसरला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये पांढरे कोट दिसायला लागतात. मुली ते पिशवीत कोंबत नाहीत. इस्त्री मोडू नये म्हणून हातावर आडवे धरून उभ्या राहतात आणि गर्दीत प्रत्येकाला "जरा सांभाळून" म्हणत राहतात. कंडक्टर त्यांच्यावर खेकसतो. परवा एक मुलगी खिडकीला टेकून डोळे मिटून पुटपुटत होती, "बटर, मैदा, मग दूध. बटर, मैदा, मग दूध." व्हाइट सॉसची कृती, स्तोत्र म्हणावं तशी. मी तिला बसायला जागा दिली. प्रॅक्टिकल आहे का, असं विचारलं नाही. कुणी मागितलेला नसताना धीर देणं आमच्या कसबा पेठेत आगाऊपणा समजतात.

मीही त्याच बसनं जाते. हडपसरच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सकाळचं स्वयंपाकघर माझ्याकडे असतं. पण एप्रिलमध्ये दोन-तीन दिवस तरी बस मगरपट्ट्याच्या पुढं गेली की वाटतं, आपला कोट कुठं राहिला?

माझा तो एप्रिल काही वर्षांपूर्वीचा. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि कम्युनिटी कॉलेजात पाककलेच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला बसले होते. बसले म्हणजे बसवली गेले. त्याच्या आदल्या जूनमध्ये माझा नवरा, श्रीकांत, गेला. सकाळी ऑफिसला निघाला, जिन्यात बसला, तो उठलाच नाही. ऑगस्टमध्ये नणंदेनं परस्पर माझा प्रवेश घेऊन टाकला. "घरात बसून काय करणार आहेस? स्वयंपाक तर येतोच तुला," असं तिचं म्हणणं. मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते. तिनं शिवणाच्या क्लासला घातलं असतं तरी गेले असते.

दुःख होत नव्हतं, असं सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. पण होत नव्हतं. दात काढताना भूल देतात आणि मग आपलाच गाल हाताला दुसऱ्या कुणाचा तरी लागतो, तसं काहीसं होतं. दहाव्याला, तेराव्याला मी रडले नाही. बायका माझ्याकडे बघत वाट पाहायच्या, मग कंटाळून आपापसांत बोलायला लागायच्या. मला त्यांचाही राग आला नाही.

कॉलेज मला आवडलं ते एकाच कारणासाठी. तिथं कुणाला काही माहीत नव्हतं. पेठेत दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचा चेहरा मला बघून पडायचा. हडपसरच्या त्या इमारतीत मी फक्त एक काकू होते, जिला ऑनलाइन असाइनमेंट अपलोड करता येत नाही.

त्या स्वयंपाकघराचा वास अजून नाकात आहे. फरशी पुसायचं फिनेल, तापलेलं लोणी, पहाटे चिरून ठेवलेला कांदा, आणि खळ लावलेल्या कोटांचा कोरडा वास. स्टीलची टेबलं सकाळी इतकी गार असायची की मनगट टेकलं की शहारा यायचा. शेगड्या एकदम पेटल्या की हॉलभर घोंघाट व्हायचा आणि बोलणं ऐकू यायचं बंद व्हायचं. मला तो घोंघाट बरा वाटायचा. त्यात काही विचारलं जात नाही आणि उत्तर द्यावं लागत नाही.

पहिल्याच प्रॅक्टिकलला फजिती झाली. साधं टोमॅटोचं सूप होतं. आमचे शेफ गायकवाड सर मोठ्या हॉटेलात उमेदवारी करून आलेले, छातीच्या खिशात चमच्यांचा जुडगा ठेवणारे. ते माझ्या टेबलाशी थांबले.

"टेस्ट केलंत, काकू?"

"नाही सर. आमच्याकडे करत नाहीत."

"काय करत नाहीत?"

"रांधताना चव घेत नाहीत. आधी नैवेद्य, मग आपण. आधी तोंडाला लावलं की उष्टं होतं."

"बरं. मग नीट झालंय हे कशावरून कळतं?"

"वासावरून कळतं."

"मिठाला कसला वास येतो?" त्यांनी विचारलं.

सगळा वर्ग हसला. मीही हसले असेन. पण शेफनी खिशातून दोन चमचे काढले आणि पद्धत दाखवली. एक चमचा फक्त भांड्यात जातो. त्यातलं दुसऱ्या चमच्यात ओतायचं. दुसरा तोंडात जातो, तो पुन्हा भांड्याकडे फिरकत नाही. "हे उष्टं होतं का?" त्यांनी विचारलं. होत नव्हतं. इतकी वर्षं इतकी सोपी गोष्ट कुणाला कशी सुचली नाही, याचं मला नवल वाटलं. मी दोन चमच्यांनी ते सूप तोंडात घेतलं.

मला काहीच कळलं नाही. ऊन होतं, एवढं कळलं. आंबट, गोड, खारट यातलं काही नाही. मी म्हटलं, "ठीक आहे सर." शेफनी स्वतः चव घेतली आणि माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. मग मिठाची वाटी माझ्यापुढे सरकवली.

आमच्या घरातली ही पद्धत लग्नानंतर मला सासूबाईंनी शिकवली. त्यांना मी आई म्हणते. ताट मांडून देवापुढं ठेवायचं, पाणी फिरवायचं, मगच ते माणसांचं. सण असो, साधा मंगळवार असो. मला त्याचा जाच कधी झाला नाही. रोज तेच करणाऱ्या हाताला अंदाज असतो. पण अंदाज चुकला तर तो पहिल्या घासाला कळतो आणि पहिला घास घेणारा आमच्याकडे श्रीकांत होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याचे साहेब जेवायला आले आणि आमटीत मीठ नव्हतं. साहेबांनी मुकाट्यानं लोणचं मागून घेतलं. त्यानंतर श्रीकांतनं एक सवय लावून घेतली. आमटीला उकळी फुटल्याचा वास बाहेरच्या खोलीत गेला की तो पेपरातून मान वर न काढता विचारायचा, "मीठ?" एवढंच. मी आतून म्हणायचे, "घातलं." कधी म्हणायचे, "घातलं रे, वाच आपला पेपर." पुढं पुढं मला त्याचा वैताग यायला लागला. एकदा मी म्हटलं होतं, तुझ्या तेराव्याला तरी विचारायचं थांबशील ना. तो हसला होता.

कॉलेजात माझी जीभ झाली ती वैष्णवी. एकोणीस वर्षांची, यवतमाळकडची, स्वारगेटजवळ मामाकडे राहायची. म्हणजे बस एकच. एकदा ती मला हळूच म्हणाली, "काकू, तुमाले चव समजत नाही का जी?" तिनंच निष्कर्ष काढला, "करोनात गेली असन. माह्या मावशीचीबी गेली होती." मी मान हलवली. ते उत्तर तिचं तिला पुरलं आणि मलाही सोयीचं होतं. त्या दिवसापासून माझं पातेलं उकळायला लागलं की ती आपला चमचा घेऊन यायची, डोळे वर करून चव घ्यायची आणि कानाशी सांगायची, "मीठ लागते अजून." किंवा, "लिंबू नका टाकू आता, झालं." मी त्याप्रमाणे करायचे. माझ्या बॅचमध्ये मला बरे मार्क पडायला लागले. पोरी म्हणायच्या, काकूंच्या हाताला चव आहे.

घरी कुणी काही म्हणत नव्हतं. आई आणि मी, दोघीच. नणंद रविवारी यायची, जेवायची, म्हणायची, "छान झालंय हं सगळं." समोरच्या जोशीवहिनींना डबा दिला तर त्याही म्हणायच्या, छान. ज्या घरात माणूस गेलेलं असतं त्या घरातलं सगळंच छान असतं. मी जेवायचे, पण जेवल्याचं मला नंतर आठवायचं नाही. आई पानावर बसून हळूहळू भात कालवायच्या. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी पानात मीठ वाढून घ्यायचं बंद केलं होतं आणि त्या औषधासारखं मुकाट्यानं जेवायच्या. जेवताना आमच्यात बोलणं म्हणजे, "ताक?" "नको."

मार्च संपता संपता शेफच्या लक्षात आलं. येणारच होतं. त्यांनी वैष्णवीला माझ्या टेबलाशी चमच्यासकट पकडलं आणि ते मला बाजूला घेऊन गेले.

"परीक्षेला तुम्हा दोघींच्या बॅच वेगवेगळ्या आहेत. ठाऊक आहे ना?"

"हो सर."

"बाहेरचे परीक्षक असतात. ते समोर उभे राहून चव घ्यायला लावतात आणि विचारतात, यात काय कमी आहे. तिथं जीभ उसनी आणता येत नाही, काकू. डॉक्टरांना दाखवा. नाही जमलं तर या वर्षी बसू नका. न चाखता वाढणाऱ्याला मी स्वयंपाकी म्हणणार नाही."

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी जीभ बघितली, घशात बॅटरी मारली, काही नाही म्हणाले. "मन रमवा," असं म्हणाले. आमच्या पेठेतले डॉक्टर फी घेऊन असले सल्ले देतात.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी, मंडईत कैऱ्या घेताना मला पहिल्यांदा भीती वाटली. म्हणजे भीती असावी. परीक्षा हुकली तर घरी बसावं लागणार, पुन्हा सगळं छान. त्याहून वाईट म्हणजे जीभ गेली असेल तर ती परत येत नसणार, आणि तिच्याबरोबर आणखी जे काही गेलंय तेही येणार नाही. मी अशीच राहणार. कैरीवाली म्हणाली, "ताई, घेताय का नुसत्याच दाबताय?" मी घेतल्या. घरी येऊन एक चिरून तोंडात टाकली. दात आंबले, पण आंबट लागली असं म्हणवेना.

ते चैत्राचे दिवस होते. कुणाकडनं तरी वाटीभर आंबेडाळ आली, पन्हं आलं. हळदीकुंकवाला बोलावणं येणार नव्हतंच, पण वाट्या मात्र आल्या. दुपारी पेठ तापलेली, खाली दुकानांची शटर्स अर्धी ओढलेली, आणि आम्ही दोघी पंख्याखाली पन्हं प्यायलो. ते गार होतं. आई म्हणाल्या, "बरं आहे." मी म्हटलं, "हो."

परीक्षेच्या आदल्या दिवशी रविवार होता. नणंद येणार नव्हती. मी ठरवलं होतं, आज घरीच सराव करायचा. आमटी उकळायला ठेवली आणि पर्समधले कॉलेजचे दोन चमचे काढले. आई स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून मेथी निवडत होत्या.

"काय करतेस?"

"चव घेते."

"नैवेद्य व्हायचाय."

"माहीत आहे."

त्यांचा मेथी निवडणारा हात थांबला. मी पहिल्या चमच्यानं काढलं, दुसऱ्यात ओतलं, तोंडात घेतलं. ऊन. बाकी काही नाही. पुन्हा घेतलं. काही नाही. मला एकदम संताप आला. कुणाचा ते ठाऊक नाही. मी मिठाचा डबा उघडला, चिमूटभर मीठ उचललं आणि सरळ जिभेवर टाकलं.

ते खारट लागलं. इतकं खारट की तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं आणि नळाखाली ओंजळ धरावी लागली. मी तशीच ओट्याला धरून उभी राहिले. मग पुन्हा आमटीची चव घेतली. आमसुलाचा आंबटपणा लागला. गूळ लागला, थोडा जास्तच. गोडा मसाला लागला. डाळ लागली, जराशी कच्चट. आणि त्यात मीठ नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "आमटीत मीठ नाही."

"राहिलं असेल आज."

मी आठवायला लागले. काल घातलं होतं का? भाजीचं मीठ मी कांदा परततानाच घालते, पोळ्यांचं कणीक भिजवताना. त्याला विचार करावा लागत नाही, हात आपला जातो. आमटीचं कधी घालते? उकळी फुटल्यावर. उकळी फुटली की बाहेरून प्रश्न यायचा, मी "घातलं" म्हणायचे आणि म्हणता म्हणता डबा उघडायचे. इतकी वर्षं मी त्याला खोटंच सांगत होते आणि त्याच क्षणी ते खरं करत होते. मला वाटायचं तो उगीच विचारतो. त्यानं विचारायचं थांबवल्यापासून माझा हात त्या डब्याकडे गेलाच नव्हता.

"आज नाही, आई," मी म्हटलं. "श्रीकांत गेल्यापासून नाहीये."

त्यांच्या मांडीवरची मेथीची पानं खाली घसरली. मग म्हणाल्या, "मला वाटलं, माझीच जीभ गेली."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? तू तेच जेवत होतीस. म्हटलं, हिला लागतंय तर आपलंच काहीतरी झालंय. आणि होणारच की. मुलगा गेल्यावर जिभेचं काय घेऊन बसायचं."

दहा महिने आम्ही दोघी समोरासमोर बसून बिनमिठाची आमटी जेवत होतो, आणि दोघींनाही वाटत होतं की मेलंय ते आपल्या आतलं. आईंनी सांडलेली पानं गोळा केली.

"आता ती उष्टी झाली," मी म्हटलं.

"दोन चमच्यांनी घेतलीस ना? मी बघत होते," आई म्हणाल्या. "तरीपण देवाला दूधसाखर दाखव. आणि त्यात मीठ घाल. बेताचं घाल."

त्या दुपारी आईंनी भात दुसऱ्यांदा घेतला. मी आमटी नुसतीच वाटीनं प्यायले. रडलो नाही आम्ही. फक्त जेवलो, आणि मग दोघींनाही झोप लागली.

परीक्षेत मला सूप आणि पुलाव आला. परीक्षक उंच, चष्म्याचे, कमी बोलणारे. त्यांच्यामागं शेफ हात बांधून छताकडे बघत उभे. मी सूपाची चव घेतली. मीठ जास्त झालं होतं. ते मला स्वच्छ कळलं. थोडं दूध घालून सारखं करता आलं असतं, शेफनी ते शिकवलं होतं, दूध हाताशीही होतं. पण मी पुन्हा एकदा चव घेतली, मग आणखी एकदा, आणि मला ते कमी करावंसं वाटेना.

परीक्षकांनी चमचा खाली ठेवला. "मीठ जास्त आहे. टेस्ट केलं होतं?"

"केलं होतं सर. जास्तच आहे."

"कळलं होतं तर कमी का नाही केलंत?"

"मला आवडलं."

"पाहुण्याला आवडायला हवं," असं म्हणून त्यांनी मार्क कापले. मागं शेफ अजून छताकडेच बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

पुढं निकाल लागला तेव्हा पास झाले मी. पण त्या दिवशी पुलाव चांगला जमला होता, आणि सूपाचे मार्क उगीच गेले. परतीच्या बसमध्ये मला त्याचं वाईट वाटायला लागलं. आधी जरासं. दूध घालायला काय झालं होतं, हाताशी तर होतं. मग जास्त वाटायला लागलं. इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदाच कशाचं तरी वाईट वाटत होतं. ते थांबवायचं कसं ते आठवेना, आणि रामटेकडीच्या सिग्नलला बस उभी असताना मी रडायला लागले. पदर तोंडाला लावला तरी आवाज येत होता. पुढच्या सीटवरचे काका वळून बघायला लागले. शेजारी वैष्णवी आपला आणि माझा, दोघींचे कोट मांडीवर घेऊन बसली होती. ती गोंधळून गेली.

"काकू, काहून रडता जी? एवढ्याशा मार्कांसाठी कोणी रडते का?"

"मार्कांसाठी नाही ग," मी म्हटलं. "माझा नवरा गेला."

हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पेठेत जे भेटायचे त्यांना ते आधीच माहीत असायचं.